सेक्रेटरीनं स्वतःला दिलेली परवानगी

मुलांनो, डोळे मिटायची गरज नाही, पण एक खोली डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या तळमजल्यावर, जिन्याच्या अगदी पोटाशी असलेली. पूर्वी तिथे चेंडू, जाळ्या आणि उंच उडीच्या गाद्या ठेवत असत, म्हणून अजूनही दार उघडलं की जुन्या रबराचा वास येतो. आता तिथे एक टेबल आहे, चार खुर्च्या आहेत, सुरू व्हायला एक अख्खा निबंध तपासून होईल इतका वेळ घेणारा संगणक आहे आणि एक लोखंडी कपाट आहे. कपाटात तेवीस फायली. शाळेच्या शेवटच्या वर्षातली जी मुलं पुढे कॉलेजात जाऊ पाहतात, आणि ज्यांच्या घरातून याआधी कोणीच कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यांच्या त्या फायली.

आता तुम्ही त्या खोलीत दुसऱ्या खुर्चीवर बसला आहात असं समजा. पहिलीवर बसू नका, तिचा एक पाय आखूड आहे. समोर ज्या बसल्या आहेत त्यांना सगळी शाळा नुसतं 'बाई' म्हणते. शाळेत बाई पुष्कळ, पण खालच्या खोलीतल्या त्या बाई. त्यांचा चष्मा नाकावर असला तर सगळं ठीक आहे. चष्मा कपाळावर चढला की समजायचं, कोणाचा तरी कागद सापडत नाहीये.

त्या वर्षी चष्मा बहुतेक कपाळावरच होता.

एका मुलानं अर्जाचा पासवर्ड तळहातावर लिहून ठेवला आणि मग स्वच्छ हात धुऊन जेवायला बसला. दुसऱ्यानं 'आपल्या आवडीनिवडी' या रकान्यात 'नाही' असं लिहिलं. नाही म्हणजे काय, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाला, घरी विचारलं होतं, ते म्हणाले उगाच काही कबूल करू नकोस. एका मुलीला स्वतःबद्दल पाचशे शब्द लिहायचे होते. ते तिच्या मावसभावानं लिहून दिले आणि त्यात 'मी एक होतकरू तरुण असून मला व्यायामाची आवड आहे' हे वाक्य तसंच राहिलं. बाईंनी हे सगळं सोसलं. चिडल्या, पण सोसलं. प्रत्येक फायलीच्या आत त्यांनी चौदा कामांची यादी चिकटवली होती. काम झालं की त्यापुढे लाल पेन्सिलीनं खूण व्हायची, आणि ती पेन्सिल फक्त बाईंच्या हातात असायची. कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय खूण नाही. 'झालंय बाई' या शब्दांना त्या खोलीत कवडीची किंमत नव्हती.

अर्ज भरणं हा त्यातला सोपा भाग होता. कॉलेजात गेल्यावर पहिल्या चाचणीत नापास झालात तर कोणाचं दार ठोठवायचं, शिकवलेलं कळलं नाही तर तास संपल्यावर पुढे जाऊन कसं सांगायचं, वेळापत्रकात मोकळा तास दिसला तर तो झोपायला नसतो, हेही बाई शिकवत. मुलं माना डोलवत. मान डोलावण्याला बाई सगळ्यात जास्त घाबरत.

तेवीस फायलींमध्ये एक फाईल मात्र अशी होती की ती उघडली की बाईंचे डोळे निवायचे. ती सेक्रेटरीची.

सेक्रेटरी हे तिचं खरं नाव नव्हे, हे तुम्ही ओळखलं असेलच. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. आई कपड्यांच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसून पँटी आखूड करायची, चेन बदलायची, पोटावर बसेनासे झालेले कोट सैल करून द्यायची. दोघंही आपल्या कामात वाकबगार. पण छापील रकाने दिसले की दोघांच्या तोंडचं पाणी पळायचं. मुलगी अकरा वर्षांची असताना दवाखान्यात कोणीतरी एक फॉर्म पुढे केला, वडिलांनी तो आईकडे दिला, आईनं मुलीकडे, आणि दोघंही म्हणाले, "तू बघ गं." तिनं बघितला. तेव्हापासून घरातला प्रत्येक फॉर्म तीच बघू लागली. मग शेजारच्या काकूंचा चष्म्याचा अर्ज, वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा कानाच्या यंत्राचा अर्ज, बिल्डिंगच्या पाण्याची तक्रार. लोक दारात उभे राहून विचारायचे, सेक्रेटरी आहे का घरात? जेवत असली तर थांबायचे, पण दारातच.

प्रत्येक फॉर्मवर एक जागा असते, पालकांचा फोन आणि पालकांचा ईमेल. वडिलांचा फोन जुना, बटणांचा. तो वाजला म्हणजे कुठेतरी कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलेलं असायचं, त्यामुळे तो मोकळा ठेवणं भाग होतं. आईचा फोन पिशवीत, पिशवी कपड्यांच्या ढिगाखाली. म्हणून सेक्रेटरीनं पालकांच्या जागी सरळ स्वतःचा नंबर टाकायला सुरुवात केली. सोय झाली. शाळेतून 'प्रिय पालक' म्हणून जे यायचं, त्याला त्याच संध्याकाळी 'आदरणीय शिक्षक' म्हणून उत्तर जायचं. सुरुवातीला ती विचारायची, बाबा, सहलीला जाऊ का? बाबा पाना हातात घेऊन म्हणायचे, तू बघ. आई, नाटकात भाग घेऊ का? आई दोरा दातांनी तोडत म्हणायची, तू बघ. शंभर वेळा 'तू बघ' ऐकल्यावर तिनं विचारणं सोडून दिलं आणि नुसतं बघायला लागली.

शाळेत वडिलांचं नाव मोठं झालं. इतकं वळणदार, इतकं अदबीनं लिहिणारा पालक कोणी पाहिला नव्हता. पालकसभेला ते येत नसत, पण येऊ शकत नसल्याबद्दलचं त्यांचं पत्र इतकं सुरेख असायचं की एकदा बाईंनी ते भर सभेत वाचून दाखवलं होतं. पालक असावेत तर असे, असंही म्हणाल्या होत्या. माणूस आहे म्हटल्यावर चुका होतातच. बाई पण माणूसच होत्या.

या मुलीला शिकायचं होतं ते मात्र जरा वेगळं होतं. एकदा सुटीच्या दिवशी वडील तिला एका हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथली लिफ्ट तळघरात अडकत होती. वडील लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरले, आणि ही शेजारच्या उघड्या दारापाशी जाऊन उभी राहिली. आत एक माणूस गुडघ्याखालचा पाय घासत होता. खरा नव्हे, बनवलेला. घासायचा, समोर बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याला चढवून बघायचा, काढायचा, पुन्हा आतल्या कडेला जरासं घासायचा. अकरा वेळा. मुलगा कंटाळून सांगत होता की झालं आता, बसतंय, आणि तो माणूस म्हणत होता की बसतंय पण चावेल. सेक्रेटरी तिथे दीड तास उभी होती. आईच्या हाताखाली तिनं मापं घेतली होती, कपडा कुठे काचतो ते तिला कळत होतं, पण पायाचंही असं माप असतं हे तिला माहीत नव्हतं. वडिलांना तिला तीनदा हाक मारावी लागली.

कृत्रिम हातपाय बनवण्याचं शिक्षण देणारं एकच कॉलेज तिला सापडलं. रेल्वेनं नऊ तास लांब. वर्षाला वीस जागा, अर्ज तीनशे. त्यातली एक जागा तिला मिळाली. त्या दिवशी बाईंचा चष्मा नाकावर होता आणि त्यांनी तेरावी खूण इतकी जोरात केली की पेन्सिलीचं टोक मोडलं.

राहिलं होतं चौदावं काम. अठरा पूर्ण न झालेल्या मुलीनं वसतिगृहात राहायचं तर पालकांची लेखी संमती लागते. सेक्रेटरीला अठरा पूर्ण व्हायला चार महिने होते. संमतीचा फॉर्म पालकांच्या ईमेलवर आला, म्हणजे तिच्याच. एका सकाळी, काकूंच्या चष्म्याचा अर्ज पाठवला आणि पाण्याची तक्रार लिहायला घेतली, त्या दोन्हींच्या मध्ये तिनं तो भरला. 'मान्य आहे' या चौकटीत खूण. खाली वडिलांचं नाव. पाठवला. फॉर्मची प्रत फायलीत लागली, आणि बाईंनी चौदावी खूण केली.

पण त्या कॉलेजची एक पद्धत होती. अशा प्रत्येक मुलीच्या घरी ते एक फोन करायचे. सोमवारी मधल्या सुटीत सेक्रेटरीच्या दप्तरात फोन वाजला. प्रवेश विभागातले एक गृहस्थ बोलत होते, त्यांना तिची आई हवी होती. तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बोलतेय." वीज कंपनीशी ती असंच बोलायची, दवाखान्याशी असंच बोलायची. गृहस्थांनी दोन-तीन गोष्टी विचारल्या, तिनं नीट उत्तरं दिली. मग ते म्हणाले, मुलगी जवळ असेल तर तिच्याशीही जरा बोलायचंय. तिनं फोनवर हात ठेवला, मनात पाच आकडे मोजले, आणि जरा बारीक आवाज काढून म्हणाली, "नमस्कार सर."

नेमकी तेव्हाच शाळेची घंटा वाजली. पलीकडच्या गृहस्थांनी ती पूर्ण वाजू दिली. मग त्यांनी विचारलं की आपण नक्की कोण बोलताय. तिनं फोन बंद केला.

पंधरा मिनिटांनी तो माणूस बाईंच्या फोनवर होता. सकाळपासून त्याचे साठ फोन झाले होते आणि घसा बसला होता. त्यानं फार वेळ घेतला नाही. या घरातली आई आणि मुलगी एकाच गळ्यानं बोलतात, आणि आई घरी असते तेव्हा घरात शाळेची घंटा वाजते, एवढंच त्यानं सांगितलं. आणि हेही सांगितलं की जागा तात्पुरती अडवून ठेवलीय. शुक्रवारी चार वाजेपर्यंत खऱ्या पालकांनी स्वतःच्या फोनवरून बोलावं, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला कळवलं जाईल. ती मुलगीही वाट बघतेय, म्हणाला.

बाईंनी सेक्रेटरीला वर्गातून बोलावून घेतलं. ती आली तोवर तिची फाईल टेबलावर उलटी केलेली होती आणि सहा वर्षांची पत्रं पसरलेली होती. बाईंचा चष्मा कपाळावरही नव्हता, तो हातात होता.

"ही पत्रं कोणाची?"

"बाबांची."

"लिहिली कोणी?"

"मी. पण बाबांच्या वतीनं."

"बाबांनी वाचली?"

सेक्रेटरीनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "बाबांना एवढा वेळ नसतो बाई."

बाईंना ती सभा आठवली आणि त्यांचे कान तापले. पण ते नंतर. त्यांनी विचारलं, तू नऊ तास लांब जाणार आहेस हे घरी माहीत आहे का? सेक्रेटरी म्हणाली, कॉलेजचे फॉर्म भरतेय हे माहीत आहे. मग त्यांना काय वाटतंय, कुठलं कॉलेज? सेक्रेटरी म्हणाली की बहुतेक इथलंच, दोन स्टॉपवरचं. तू सांगितलं नाहीस का, असं विचारलं, तर ते तू बघ म्हणाले होते. म्हणून तिनं बघितलं.

"मग संमती दिली कोणी?"

"तिथे रकाना होता," सेक्रेटरी म्हणाली. "रिकामा ठेवला तर पुढे जात नव्हतं."

बाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. अर्ज न भरणाऱ्या मुलांना वठणीवर आणायची युक्ती त्यांना ठाऊक होती. अर्ज जास्तच भरणाऱ्या मुलीचं काय करतात, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या की आज घरी गेल्यावर सगळं सांगायचं, स्वतःच्या तोंडानं, आणि शुक्रवारी तीन वाजता दोघांना इथे घेऊन यायचं.

मंगळवारी त्यांनी विचारलं, सांगितलंस? तर बाबांच्या दोन लिफ्ट अडकल्या होत्या. बुधवारी विचारलं, तर आईकडे बँडवाल्यांच्या चाळीस पँटी आल्या होत्या आणि सगळ्यांच्या बाजूला पट्टी लावायची होती. गुरुवारी सेक्रेटरी स्वतःहून आली आणि बाईंच्या हातात एक कागद दिला. शुक्रवारी बाबांनी फोनवर काय बोलायचं ते त्यावर टाइप केलेलं होतं. साहेब असं विचारतील, बाबा असं सांगतील. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तरं. बाईंनी तो पूर्ण वाचला. कागद उत्तम होता. त्यांनी त्याची घडी केली, कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

मग त्या स्वतः त्या दुकानात गेल्या. फोन करण्यात अर्थ नव्हता, तो सेक्रेटरीनंच उचलला असता. मागच्या खोलीत आई गुडघ्यांवर बसून एका गिऱ्हाइकाची पँट टाचत होती, तोंडात टाचण्या. बाईंनी सांगितलं की उद्या तीन वाजता दोघांनी शाळेत यायचंय. आईनं एकेक टाचणी तोंडातून काढून मनगटावरच्या उशीत खोचली आणि विचारलं, तक्रार आहे का काही? बाई म्हणाल्या, तक्रार नाही. मग फॉर्म आहे का? फॉर्म आहे.

"मग तिलाच सांगा ना," आई म्हणाली, "ती बघते सगळं."

बाई आयुष्यात फार थोड्या वेळा दुसऱ्याच्या दुकानात आवाज चढवून बोलल्या असतील. त्या दिवशी बोलल्या. हा फॉर्म तिच्याबद्दलचा आहे, तो तिला बघता यायचा नाही, काय आहे ते तिलाच विचारा, आणि उद्या तीनला या. पँट टाचून घेणारा माणूस हलायचं थांबला. आईनं टाचण्या परत तोंडात घातल्या आणि मान डोलावली.

शुक्रवारी तीन वाजता आई आली, गळ्यात मोजपट्टी तशीच. वडील तीन वीसला आले. कोणाचं तरी कपाट चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या दारात अडकलं होतं. हात धुतलेले, पण नखांत ग्रीस. ते पहिल्या खुर्चीवर बसले, एकदा डावीकडे झुकले, एकदा उजवीकडे, मग खाली वाकले आणि कोणाला काही न विचारता खिशातल्या पुठ्ठ्याची घडी खुर्चीच्या आखूड पायाखाली सरकवली. खुर्ची सरळ झाली. सेक्रेटरी त्यांच्या कोपराशी बसली. कुठल्याही ऑफिसात ती तिथेच बसायची.

बाईंनी तिला विचारलं की सांगितलंस ना. सेक्रेटरी टेबलाकडे बघत म्हणाली, फोन करायचाय हे सांगितलंय.

"हो, एक फोन करायचाय म्हणाली," वडील खुशीत म्हणाले. "करू की."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. साडेतीन होऊन गेले होते. आपणच सांगून टाकावं असं त्यांना फार वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात सेक्रेटरीनं वडिलांच्या जुन्या फोनवर भराभर नंबर दाबला, आवाज मोठा केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. तिचं हे असं होतं. कठीण काम आलं की ते कोणी थांबवायच्या आत पुढे पाठवून द्यायचं.

पलीकडून बसलेल्या घशाचा आवाज आला. त्या गृहस्थांनी नाव विचारलं, मुलीचं नाव विचारलं, वडिलांनी बरोबर सांगितलं. मग त्यांनी विचारलं की मुलगी इथे वसतिगृहात चार वर्षं राहील, आपली संमती आहे ना?

वडिलांनी सवयीनं मुलीकडे बघितलं. तिच्या ओठांवर 'हो म्हणा' होतं, आवाज नव्हता. वडिलांनी ते ओठ बघितले आणि मग ते फोनकडे बघत राहिले.

"कुठे राहील म्हणालात?"

गृहस्थांनी गावाचं नाव सांगितलं.

"ते तर नऊ तासांवर आहे," आई म्हणाली. कोणालाच उद्देशून नाही.

"साहेब," वडील सावकाश म्हणाले, "याबद्दल मला कोणी काही विचारलेलं नाही."

गृहस्थांनी कागद चाळल्याचा आवाज आला. तुम्ही याच महिन्याच्या नऊ तारखेला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी संमती पाठवलेली आहे, असं ते म्हणाले.

"आठ दहाला मी खड्ड्यात असतो."

पलीकडचा सुस्कारा सगळ्या खोलीला ऐकू आला. गृहस्थ म्हणाले की त्यांना एकच शब्द हवा आहे, हो किंवा नाही. चार वाजता यादी वर जाते. वडील म्हणाले, चारच्या आत मीच फोन करतो, आणि त्यांनी लाल बटण दाबलं.

वर जिन्यावरून एक वर्ग दणदण उतरून गेला. मग आई बोलली, मोजपट्टीची गुंडाळी करत. "अख्ख्या बिल्डिंगचे अर्ज झाले. आम्हाला विचारायचं तेवढं राहिलं."

वडिलांनी बाईंना विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे? बाई म्हणाल्या, सोमवारपासून, आणि सोमवारपासून रोज मी हिला सांगतेय की घरी सांग, आणि ही रोज सांगते म्हणतेय. वडील म्हणाले की पोरगी असं कधी करत नाही. आई म्हणाली, रोज करते, तुम्हाला कळत नाही, तुम्ही 'तू बघ' म्हणून मोकळे. वडील म्हणाले, आणि तू काय म्हणतेस? आई म्हणाली, मी म्हणते, पण मी कपडा हातात असताना म्हणते. वडील म्हणाले, माझ्या हातात काय फुलं असतात? बाईंनी लाल पेन्सिलीनं टेबलावर टकटक केलं. चारला सोळा मिनिटं होती.

सेक्रेटरीला वाटलं की आता आपण बोलायला हवं. ती सरळ बसली आणि सांगू लागली. वसतिगृहात एका खोलीत दोन विद्यार्थिनी असतात, दारावर रखवालदार असतो, प्रत्येक मजल्यावर एक ताई नेमलेली असते, वर्षातून दोन मोठ्या सुट्या. सगळं पाठ होतं. वडिलांनी हात वर केला, थोडासाच. लिफ्ट थांबवायला ते असाच हात वर करायचे.

"हे मला तो साहेबही सांगेल," ते म्हणाले. "तुला जे आम्हाला विचारायचं होतं ते तू अजून विचारलेलं नाहीस."

"विचारते ना. पण बाबा, एवढा वेळ नाहीये आता."

"इतके दिवस होता."

बाई सेक्रेटरीकडे बघत होत्या. बिल्डिंगभरच्या फॉर्मांना चटाचट उत्तरं देणारी मुलगी, आणि तिला पहिल्यांदाच शब्द सापडत नव्हता. तिचे डोळे भरून आले तेव्हा सगळ्यांत जास्त आश्चर्य तिलाच वाटलं.

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर?" ती म्हणाली. "म्हणून नाही विचारलं."

बाईंनी चष्मा टेबलावर ठेवला. सोमवारपासून त्या समजत होत्या की हे सवयीनं झालंय. इतर सगळे फॉर्म सवयीनं भरलेले होते. हा एकच नव्हता.

"तर नाही म्हणालो असतो," वडील म्हणाले. "मग तू भांडली असतीस. मग आई भांडली असती. घरात होतं तसं झालं असतं. पण अगं, मला न विचारता माझं 'हो' तू देऊन टाकलंस, तर मी काय द्यायचं?"

आईनं मोजपट्टीची गुंडाळी पुन्हा सोडली.

सेक्रेटरीनं डोळे पुसले. समोर कागद नव्हता, पेन नव्हतं, खूण करायला चौकट नव्हती. ती वडिलांच्या कोपराशेजारून उठली, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि दोघांच्या समोर उभी राहिली.

"आई, बाबा, मला ते पाय बनवायला शिकायचंय. ते इथे शिकवत नाहीत. मी जाऊ का?"

आईनं विचारलं, तिथे आजारी पडलीस तर कोण बघेल? सेक्रेटरीनं तोंड उघडलं, पण याचं उत्तर तिच्या पाठांतरात नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली. आणि पहिली सुटी नक्की कधी? तेही तिला तारखेनिशी माहीत नव्हतं. आणि तुला करमेल का? "माहीत नाही, आई."

"जा म्हणायला जीभ उचलत नाहीये माझी," आई म्हणाली. "आणि नाही म्हणायला त्याहून उचलत नाहीये."

वडिलांनी घड्याळाकडे बघितलं. चारला सात मिनिटं होती. "त्या साहेबाला मलाही चार गोष्टी विचारायच्या आहेत," ते म्हणाले. "आजारपणाचं विचारतो आधी. मग हो सांगतो."

त्यांनी फोन हातात घेतला आणि नंबर लावायला सुरुवात केली. बाईंनी नंबर मोठ्या आकड्यांत लिहून त्यांच्यापुढे सरकवला होता. ते एकेक बटण दाबत होते, अंगठ्यानं, खूप जोरात, आणि पाचव्या आकड्यावर चुकले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकले. चारला पाच मिनिटं होती. आईनं मोजपट्टी मुठीत आवळली होती.

सेक्रेटरीचा हात आपोआप फोनकडे गेला. मग तिनं तो मागे घेतला, खुर्ची ओढली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली, आणि पलीकडे घंटी वाजायला लागेपर्यंत एक शब्दही बोलली नाही.